कानावर पडल्यापासून

॥ श्री ॥

तात्यापारा, रायपूर
१८ जुलै २०२५

ती. पद्मजावहिनींना कुमुदचा शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल काल दुपारी पोचलं. आत आलं ते येणेप्रमाणे: देवकापूस सरकीसकट, दोन किलोला जरा कमी. आंब्याचं लोणचं, एक बरणी. अबोलीला ब्लाउजपीस. काकांनी वेगळ्या पुडीत बांधलेल्या सरक्या, कुंडीत लावायला. टपालाचे दोनशे दहा तुम्ही भरलेत, ते वहीत तुमच्या नावे लिहून ठेवलेत, दिवाळीला देईन. लोणचं पुढच्या वेळी नको. अर्धं वजन त्याचंच होतं, आणि झाकणाशी तेल सुटलं होतं. कापसापर्यंत गेलं नाही, गजाननाची कृपा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला ओरडून घरातलं बोलता येत नाही. भिंतीपलीकडे इंदूताईंचं स्वयंपाकघर आहे. म्हणून लिहून राहिले.

पूजेच्या दुकानवाल्या हिरालाल भैयाने मागणी पक्की केली. गणपतीच्या माळा तीनशे, महालक्ष्म्यांच्या वस्त्रांच्या जोड्या दोनशे. वहिनी, मी हे कधी धंदा म्हणून धरलं नव्हतं. सासूबाईंनी शिकवलं तसं चातुर्मासात कापूस पिंजायचा, वाती वळायच्या, घरातल्या देवापुरती वस्त्रं करायची. मागच्या वर्षी काका मोतीबिंदूसाठी इथे पुतण्याकडे येऊन राहिले, तेव्हा डोळ्याला पट्टी, वाचायचं नाही, टीव्ही नाही. त्यांचा वेळ जाईना म्हणून मी पुढ्यात कापसाचं सूप ठेवलं. ते नुसत्या बोटांनी सरकी काढायचे, मी माळ ओढायची. एक दिवस माळ चाचपून म्हणाले, "मणी सगळे गोटीसारखे काहून करतेस? मोगऱ्याची कळी असते तसा कर. टोकाला बारीक, मधे भरलेला." दुधाचं बोट लावून पीळ दिला आणि कळी जमली. त्या दिवशी भाजी करपली, पण मी उठले नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पट्टी निघाल्यावर कापूर आणायला म्हणून पुरानी बस्तीत हिरालाल भैयाच्या पूजेच्या दुकानात गेले, तिथली डिंकाने चिकटवलेली माळ उचलून म्हणाले, "भैया, ये माला है के फोडे की पट्टी?" आणि खिशातून माझी काढून काउंटरवर ठेवली. मला घरी येऊन सांगितलं, तेव्हा लाजेने मी जेवले नाही. त्या वर्षी भैयाने पन्नास घेतल्या, महालक्ष्म्यांच्या आधीच संपल्या. तात्यापाऱ्यातल्या आपल्या लोकांनी तर विचारूनच घेतल्या, कुमुदच्या हातची आहे ना, सोवळ्यातली आहे ना.

यंदा नीट झालं तर भैया दर वर्षी माझ्याकडूनच घेईन म्हणतो. नाही झालं तर तयार माळांचा एजंट त्याच्या दारात उभाच आहे. हे गालात हसतात, करू नको म्हणत नाहीत. इंदूताई मात्र काल गच्चीवरून म्हणाल्या, "देवाचं विकायला काढलंस तर कुमुद, उद्या तीर्थपण बाटलीत भरशील." मी हसण्यावारी नेलं. पण रात्रभर ते मनात कुरतडत राहिलं. देवाचं विकणं हे पाप आहे का, तुम्हाला काय वाटतं? काकांनाही विचारा. आणि कापूस अजून इतकाच लागेल.

तुमची,
कुमुद

॥ श्री ॥

आर्वी
२७ जुलै

चि. सौ. कुमुदले अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं ओट्यावर टाकलं, तवा काका अंगणात देवकापसाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. इंदूताईचं वाक्य ऐकलं आणि म्हणे, "तिले सांग, मूर्ती काय कुंभार फुकट देते काय? फूलवाली फुकट देते? सारं विकत घेऊन देवापुढं ठेवते बाई, आणि कुमुदच्या कापसालेच पाप लागते?" आता मी काय वेगळं सांगू. मी तं म्हणते, तिच्या तोंडावर एक माळ फेक आणि पैसे माग.

कापूस पाठवून राहिली. लोणचं घातलं नाही, घे, तुझ्या मनासारखं. यंदा बोंडं बारीक हायेत, पाऊस फार झाला. काका एकेक बोंड स्वतः तोडतात, मले हात लावू देत नाहीत. सारी जिंदगी जिनिंगमध्ये कापसाची प्रत लावली, आता घरच्या दोन झाडायची लावतात. मी म्हटलं, मामंजी, खोकला हाय, ओल्यात फिरू नका. तं ते काहीतरी बोलले, मले ऐकू आलं नाही, हात हलवला तेवढा दिसला.

खोकला जुनाच हाय, काळजी नको. शंकर शेजारचा येऊन दवाखान्यातून औषध आणून देतो.

उदय काय म्हणतो? तुझा नवरा झाला तरी माझा धाकटा दीरच हाय तो, त्याच्या गालातल्या हसण्यावर जाऊ नको. तो खूश असला की तसाच हसते. आमच्या घरी याच्या दादालेही तेच होतं, असते तं आज तुझी माळ गावभर मिरवली असती.

अबोलीले सांग, हिंदीत नको लिहू चिठ्ठी. मोठ्या आईले मराठीच समजते.

पद्मजा

॥ श्री ॥

तात्यापारा
११ ऑगस्ट

ती. पद्मजावहिनींना नमस्कार.

कापूस मिळाला. काकांचं कुंभाराचं बोलणं मी इंदूताईंना ऐकवलं नाही, पण स्वतःला रोज ऐकवते. बरं वाटतं.

काम अर्ध्याच्या वर गेलं. सकाळी अंघोळ, पूजा, आणि मग ओलेत्यानेच माळेला बसते. दुपारचं जेवण झालं की पुन्हा हातपाय धुऊन. घरात कोणी बाहेरून आलं तर शिवू देत नाही. अबोली चिडते. म्हणते, "आई, ऑनलाइन वाले भी इतना नहीं करते." करत नसतील. पण लोक माझ्याकडून घेतात ते याचसाठी ना? आंगठा सुजलाय, पीळ देऊन देऊन. हळद-तेल लावते. पंडरीच्या बाजारात जाऊन जरीच्या काठाचे तुकडे आणले, शेंड्याला गोंडे करायला. ठोक दुकानात तुकडे वजनावर देतात, स्वस्त पडलं. भैया म्हणतो, "दीदी, थोडा चमक डालो, पब्लिक चमक देखती है." मी त्याला म्हटलं, देव चमक नाही बघत. तर हसला आणि म्हणाला, देव थोडीच पैसा देते हैं. त्याचंही खरं आहे, म्हणून टिकल्या लावल्या, पण एका पदरालाच.

वहिनी, एक भीती मनात आहे, ती तुम्हालाच लिहिते. आपल्या घराण्यात चातुर्मासात दर वर्षी कोणीतरी जातंच. पाहा ना, यांचे दादा, मग त्यांची बहीण, सगळे श्रावण-भाद्रपदातच. सुतक आलं तर मला कापसाला हात लावता येणार नाही. केलेलंही टाकावं लागेल, ते देवाला चालायचं नाही. भैयाला काय सांगू? गणपती तारीख बघून येतो, थांबत थोडाच. म्हणून रोज पूजेत म्हणते, महालक्ष्म्या जेवून जाईपर्यंत सगळ्यांना सुखरूप ठेव. म्हणते आणि मग वाटतं, लोकांच्या जिवासाठी मागते आहे की माळांसाठी? माणसाने असं मागावं का?

काकांचा खोकला कसा आहे, खरं लिहा.

कुमुद

॥ श्री ॥

तात्यापारा
२१ ऑगस्ट, गुरुवार

ती. पद्मजावहिनींना नमस्कार.

काल शंकर भाऊंचा फोन यांच्या ऑफिसात आला. काकांना श्वास लागला, दवाखान्यात ठेवलं, असं हे म्हणाले आणि दोन कपडे बॅगेत टाकून निघाले. माझ्याशी धड बोललेही नाहीत. मी दारातच महामायेचा अंगारा पुडीत बांधून दिला. काकांच्या कपाळाला लावा, आणि थोडा उशाशी ठेवा.

आज सकाळी यांना फोन केला, म्हटलं काकांना द्या, एक शब्द बोलते. तर म्हणाले नळ्या लावल्यात, बोलवत नाही. आवाज बसलेला होता यांचा. प्रवासाने बसला असेल.

मी येऊ का? माळा दीडशे राहिल्यात. पण काकांपुढे माळा काय आहेत. त्यांच्यामुळेच तर त्या आहेत. तुम्ही एकट्या, हे पुरुषमाणूस, आजारी माणसाचं अंग पुसायला घरातली बाई लागते. तुम्ही एक शब्द लिहा, मी सगळं उचलून ठेवून येते. भैयाला सांगेन माझं घर आधी. खरंच लिहा. संकोच करू नका.

काकांसाठी मी वेगळी एक माळ ओढायला घेतली आहे. कळीचीच, त्यांनी शिकवली तशी. ती घरच्या गणपतीच्या गळ्यात घालीन आणि रोज त्यांच्यासाठी आयुष्य मागीन.

धुणंभांड्याची बाई तीजाच्या सणाला माहेरी गेली, सगळं अंगावर आहे. तरी मी येईन. उत्तर शंकर भाऊंच्या हाती स्पीड पोस्टाने टाका.

कुमुद

आर्वी
२४ ऑगस्ट

चि. सौ. कुमुदले आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. तू येऊ नको. इथं उदय हाय, शंकर हाय, माणसायची कमी नाही. काकाले आता काही त्रास नाही. शांत हायेत. खोकलाही थांबला.

उदय महालक्ष्म्या झाल्यावर येईल. त्याले इथंच राहू दे. तू त्याची वाट पाहून गणपती अडवू नको. अबोलीले घेऊन बसव.

हातातलं काम पुरं कर. एवढं माझं ऐक.

पद्मजा

॥ श्री ॥

तात्यापारा
२ सप्टेंबर

ती. पद्मजावहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र अगदी गणपतीच्या दिवशी आलं. चार ओळींचं, आणि वर श्री घालायचाही राहिला. घाईत लिहिलंत, मला कळलं, दवाखान्यातून आल्यावर कुणाला उसंत असते. पण "काही त्रास नाही" वाचलं आणि मी पाटावर डोकंच टेकलं. अबोली म्हणाली, "आई, रो क्यों रही हो, अच्छी खबर है ना?"

आता माझ्याकडचं. सगळं पुरं झालं. गणपतीच्या माळा आदल्या सोमवारी दिल्या, महालक्ष्म्यांच्या जोड्या शुक्रवारी. भैयाने एकही परत केली नाही. उलट दुकानात एक बाई नव्या रायपूरहून आली होती, मोठ्या ऑफिसातली, पुण्याकडची, तिने दोन जोड्या घेऊन माझा नंबर मागितला. म्हणाली, माझ्या आजीनंतर अशी कळी मी आज पाहते. मी घरी आल्यावर हे वाक्य दोनदा अबोलीला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले, तर ती पळाली.

काल महालक्ष्म्या जेवल्या. इंदूताई हळदीकुंकवाला आल्या आणि आपल्या महालक्ष्म्यांच्या गळ्यातल्या वस्त्राकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी आमच्यापण दोघींची करून ठेव, पैसे देईन. मी म्हटलं, तीर्थाची बाटलीपण देऊ का सोबत? हसल्या बिचाऱ्या. मीपण खूप हसले. वहिनी, यंदासारखे महालक्ष्म्यांचे दिवस माझ्या संसारात आले नाहीत. पाय दुखून राहिलेत, पण मन कसं भरून आलंय. मी नऊवारी नेसले होते. तुम्ही असता तर दृष्ट काढली असती.

काकांची माळ गणपतीच्या गळ्यात आहे. रोज आरतीनंतर त्यांचं नाव घेऊन हात जोडते. आज आंबील आणि पुरणाचा प्रसाद डब्यात घालून शंकर भाऊंचे मेहुणे वर्ध्याला जाताहेत, त्यांच्या हाती देते आहे. काकांना पुरण चालत नसेल तर आंबिलीचं बोट तरी चाटवा. त्यांना सांगा, हिरालाल भैयाने तुळशीच्या लग्नासाठी आणखी मागितल्यात, आणि कापूस त्यांनीच तोडायचा आहे, बरं होऊन.

कुमुद

॥ श्री ॥

आर्वी
२ सप्टेंबर

चि. सौ. कुमुदले अनेक आशीर्वाद.

उदय आज दुपारच्या गाडीनं निघाला. हे पत्र तुझ्या हाती पडेल तवा तुले त्याचं डोकं पाहून सारं समजलंच असंल. तरी मी लिहिते, कारण करणारी मी हाय.

काका वीस तारखेले पहाटे गेले. दवाखाना नाही, नळ्या नाही. घरीच. शंकरनं उदयले फोन केला, तवा ते गेलेलेच होते. अग्नी त्यानंच दिला, त्यायले दुसरं कोण हाय.

तुले कळवू नको हे मी शंकरकडून फोनवरच उदयले सांगितलं. इथं आल्यावर तो ऐकत नव्हता. म्हणे, वहिनी, ती मले माफ करणार नाही. मी म्हटलं, मग तू तेरवी होईपर्यंत इथंच राहा, तिच्या घरात सुतक नेऊ नको. शास्त्र मी गुरुजीले विचारून घेतलं. सुतक कानावर पडल्यापासून लागते. ज्याच्या कानावर पडलं नाही त्याले लागत नाही. तुझ्या माळायले काही झालं नाही, तुझ्या महालक्ष्म्यायले काही झालं नाही. खोटं बोलल्याचं पाप लागलं असंल तं मले लागलं. मी घेतलं.

काहून केलं, तेही ऐक. माझं लग्न झालं तवा मी शिलाईच्या सरकारी परीक्षेचा फॉर्म भरला होता. आईनं मशीन दिली होती मले. परीक्षेच्या चार दिवस आधी चुलत आजेसासरे गेले. म्हणे, सुतकात बाहेर जायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा भरला, तवा दुसरं कोणीतरी गेलं, मी त्यायले पाहिलंही नव्हतं. तिसऱ्या वर्षी भरलाच नाही. मशीनवर गोधड्या ठेवायला लागली. तुझं अकरा तारखेचं पत्र माझ्या उशाशीच होतं, कुमुद. पहाटे काकाच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं आणि मले पहिले काय सुचलं, तं तुझ्या दीडदोनशे माळा.

आणि काकाच म्हणाले होते जाताना. "कुमुदले कळवू नका, पोट्टीचं काम होऊ द्या." असं म्हणाले आणि डोळे मिटले. मग मी काय करायचं होतं, तूच सांग.

झाडाले बोंडं हायेत अजून. मी तोडून ठेवते.

पद्मजा

॥ श्री ॥

तात्यापारा, रायपूर
११ सप्टेंबर

ती. पद्मजावहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. तेव्हा माझा सुतकाचा तिसरा दिवस होता. दहा दिवसांनंतर कळलं तर तीन दिवस धरायचे, असं इथल्या गुरुजींनी सांगितलं, ते धरले. उत्तर लिहायला हात होत नव्हता, आज बसले.

हे बुधवारी सकाळी आले. मी दार उघडलं. यांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. अबोली मागून आली आणि म्हणाली, "पापा, ये क्या?" तेव्हा म्हणाले, "काका वीस तारखेलाच गेले." मी न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. घेतच राहिले. अबोलीने येऊन नळ बंद केला. गणपती आदल्या दिवशीच महालक्ष्म्यांसोबत उठले होते, म्हणून बरं, नाहीतर त्यांच्यापुढे मी काय तोंड दाखवलं असतं.

यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग बोलले. यांनी सांगितलं ते सगळं तुम्ही लिहिलंत तसंच आहे, शास्त्रही तसंच. गुरुजीही म्हणाले दोष नाही. हिरालाल भैयाला मी स्वतः जाऊन सांगितलं. वाटलं, पैसे परत मागेल, तर देऊन टाकावे. तो हिशेब लिहीत होता, मान वर न करता म्हणाला, "आपको मालूमे नहीं था दीदी, तो काहे का सूतक. अउ भगवान ह तो पहिन डारिस." देवाने तर घालूनही झाल्या, त्याच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या दृष्टीने संपलेला नाही, वहिनी. तुम्हाला वाटलं असेल, कुमुदला बाटल्याचं दुःख होईल, म्हणून तुम्ही गुरुजींना विचारून ठेवलंत. ते दुःख आहे, नाही म्हणत नाही. पण दुसरं त्याहून मोठं आहे. मी रोज त्यांच्यासाठी आयुष्य मागत होते. अंगाऱ्याची पुडी यांच्या बॅगेत न उघडता परत आली. त्यांची राख होऊन गेली तेव्हा मी नऊवारी नेसून इंदूताईंशी थट्टा करत होते, आणि तुम्हाला ते पत्रात लिहूनही पाठवलं. तुम्ही वाचलंत ना ते? वाचताना तुम्हाला काय वाटलं? तुमच्या पत्रावर श्री नव्हता, तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. सुतकातलं पत्र तसंच असतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मला घाई वाटली. चांगली बातमी हवी असली की माणूस असं वाचतं.

मी तुम्हाला विचारलं होतं, येऊ का. लिहिलं होतं, काकांपुढे माळा काय आहेत. ते मी मनापासून लिहिलं होतं. तुम्ही माझं अकरा तारखेचं पत्र उशाशी ठेवलंत, आणि एकवीसचं बाजूला ठेवलंत.

तुमच्या परीक्षेचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात नांदलो, तुम्ही कधी बोलला नाहीत. मशीनवरच्या गोधड्या मीच उन्हात घातल्यात कितीदा. वाचून फार वाईट वाटलं. पण तुमची परीक्षा ज्यांनी बुडवली त्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं, आणि तुम्हीही मला विचारलं नाहीत. तुम्ही माझं काम वाचवलंत, त्यांनी तुमचं मोडलं, एवढाच फरक.

असं लिहिते आणि पुन्हा माझंच मला खुपतं. कारण तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरांना मी अजून काही सांगितलेलं नाही. इंदूताई परवा भेटायला आल्या, म्हणाल्या, काका कधी गेले? मी म्हटलं, बुधवारी कळलं. खोटं नाही बोलले. पण पूर्णही नाही बोलले. त्यांच्या पलीकडच्या शेजारणीच्या महालक्ष्म्यांनी माझं वस्त्र घातलं होतं. सांगितलं तर तिच्या मनाला वर्षभर टोचेल, घरात काही बरंवाईट झालं तर त्या माळेवर ढकलेल. नाही सांगितलं तर मी तिच्या बाबतीत तेच करते आहे जे तुम्ही माझ्या बाबतीत केलंत. चार दिवस झाले, मला ठरवता येत नाही. तुम्हाला त्या पहाटे इतकं झटकन कसं ठरवता आलं, याचं नवल वाटतं.

आता विचारायचं ते.

तुम्ही लिहिलंत, काका जाताना म्हणाले, कुमुदला कळवू नका. यांना मी विचारलं. हे म्हणतात, मी पोचलो तेव्हा ते गेलेले होते, वहिनी एकट्याच होत्या जवळ. वहिनी, तुमच्या कानाशी ओरडावं लागतं. काकांनी अंगणातून बोललेलं तुम्हाला ऐकू येत नव्हतं, तुम्हीच लिहिलं होतंत. मग श्वास लागलेल्या माणसाचं एवढं मोठं वाक्य तुम्हाला ऐकू आलं का? की मला बरं वाटावं म्हणून तुम्ही ते लिहिलंत? चोवीस तारखेचं पत्रही तुम्ही मला बरं वाटावं म्हणूनच लिहिलं होतंत.

ते खरंच म्हणाले असतील तर मी डोळे पुसून भैयाचं तुळशीच्या लग्नाचं काम घेईन. त्यांनी दिलेलं म्हणून घेईन. नसतील म्हणाले, तर घ्यायचं की सोडायचं, शेजारणींना सांगायचं की नाही, ते माझं मी बघेन, पण मग त्यात काकांचं नाव मी येऊ देणार नाही. तुम्ही नाही लिहिलंत तरी मी तुमची धाकटी जाऊच राहीन, दिवाळीला नमस्काराला येईन. राग गेला असं मात्र म्हणणार नाही.

शेवटच्या दिवशी ते काय जेवले, काही मागितलं का, झाडाजवळ गेले होते का, पहाटे तुम्ही कशा उठलात, त्यांचा हात हातात होता का, हे सगळं लिहा. वाईट असेल तेही लिहा. मी तेव्हा काय करत होते ते मला माहीत आहे, दुधात बोट बुडवून पीळ देत होते. ते काय करत होते हे मला कुणी सांगितलं नाही.

भैयाला मी सर्वपित्री अमावास्येला होय-नाही सांगणार आहे. त्याआधी पितरांचं पान वाढायचं आहे, आणि यंदा त्यात काका आहेत. पत्ता लिहिलेलं पाकीट आत ठेवलं आहे, स्पीड पोस्टाचे पैसेही. काय ऐकलंत आणि काय नाही ऐकलंत, तेवढं खरं लिहून उलट टपाली कळवा.

कुमुद